उगवणपेटीची सुटका

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, पण माझ्यात दागिने शोधू नका! मी उगवणपेटी. कृषी महाविद्यालयाच्या बियाणे प्रयोगशाळेत मुलं ओल्या कागदात बी गुंडाळून माझ्या पोटात ठेवतात. मी त्याला ऊब देते, ओल राखते. शंभरातलं किती उगवलं, त्यावरून बी पेरायच्या लायकीचं आहे का, ते कळतं.

मी नवी होते, तेव्हा माझा काय थाट होता! मुलं माझ्यापुढे रांग लावायची. प्रयोगशाळेतले मामा मला रोज पुसायचे. मग आकडे झळकवणारी नवी पेटी आली आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना. डोक्यावर रिकाम्या बाटल्या आल्या. वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू?

यंदा नव्या पेटीत जागा उरली नाही, म्हणून शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. मैत्रिणी तिला घाईबाई म्हणायच्या. स्वतःच्या वाफ्यातलं सूर्यफुलाचं बी तिने काढलं आणि चौथ्याच दिवशी माझ्यात ठेवलं. दहा दिवसांनी कागद उलगडले, तर शंभरात कोंब फक्त सात! तिचा चेहराच पडला. सारा प्रकल्प त्या बियांवर होता.

"मॅडम, ही पेटीच बिघडलीय," ती म्हणाली.

मॅडम परीक्षेच्या गडबडीत होत्या. त्यांनी भंगाराच्या यादीत माझं नाव घातलं. टेम्पो आठवड्याने येणार होता. बोलता येत असतं, तर ओरडून सांगितलं असतं, अगं, तुझं बी अजून झोपलंय!

मामांना मात्र राहवलं नाही. "हिला घालवायच्या आधी एकदा बघू तरी," म्हणत त्यांनी बरणीतलं गेल्या हंगामाचं सूर्यफुलाचं बी माझ्यात ठेवलं. टेम्पो यायच्या दिवशी घाईबाईलाच मोजायला बसवलं. शंभरात नव्वद कोंब!

"तुझं बी कधीचं होतं गं?" मामांनी विचारलं.

"ताजं, मामा. एकदम ताजं."

"मग कसं उगवेल, बाई? सूर्यफुलाचं ताजं बी महिना-दीड महिना झोपून असतं. शिकलात ना वर्गात?"

तिने कपाळावर हात मारला. तेवढ्यात टेम्पो दारात लागला. माझा जीव टांगणीला! ही आता गप्प बसली तर? पण ती धावतच मॅडमकडे गेली.

"मॅडम, पेटी चांगली आहे. चूक माझी आहे, मी ताजंच बी ठेवलं होतं. तिचं नाव काढा ना यादीतून."

"म्हणजे प्रकल्प दीड महिना लांबणार. मैत्रिणी सुटीवर जातील."

"जाऊ देत. मी थांबते."

हुश्श! टेम्पो गेला, मी राहिले. घाईबाई खरंच थांबली. दीड महिन्याने तिचं बी पुन्हा माझ्या पोटात आलं आणि शंभरातले अठ्ठ्याऐंशी दाणे उगवले. ती हसली, मामा हसले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना तोंड नसतं. काही बिनसलं, तर आमच्याकडे बोट दाखवण्याआधी आपलं काम एकदा तपासून बघा. आणि चूक आपली निघाली, तर लगेच धावत जाऊन सांगा. टेम्पो फार वेळ थांबत नाही.