दिवेलागणीची फेरी

माझ्या सासऱ्यांचे, आमच्या मामंजींचे हात कापतात, हे साऱ्या कडेगावाला माहीत होतं. पायांचं दुखणं मात्र घरातच राहिलं, कारण ते सांगावं कसं हेच कुणाला कळत नव्हतं. पाय ठणकत नव्हते, सुजत नव्हते. दिवेलागण झाली की आतून वळवळायला लागत. मामंजी बाजेवर टाचा घासत, उठत, बसत, पुन्हा उठत. चाललं की बरं वाटे. साताऱ्याच्या डॉक्टरांनी हातांच्या दुखण्याला कंपवात म्हणून नाव दिलं. पायांचं त्यांना आम्ही सांगितलंच नाही.

चालणंही सोपं नव्हतं. पाऊल अडे, तोल जाई. एकदा विहिरीजवळ पडले आणि कपाळ फुटलं. माझे थोरले दीर लालासाहेब त्या दिवसापासून धास्तावले. माझा नवरा लढाईवर. बापाचं काही बरंवाईट झालं तर भावाला काय तोंड दाखवायचं, हा त्यांचा घोर. मऊ धोतर फाडून ते संध्याकाळी मामंजींचे पाय बाजेला बांधायला लागले. मायेनंच बांधत, स्वतःचे डोळे पुसत. पण माया असली म्हणून गाठ सैल होते का? मामंजी आधी रागावले, मग विनवण्या करू लागले, मग नुसते रडू लागले. पलटणीत सुभेदार राहिलेला माणूस! मला दिरांचा असा संताप यायचा, पण धाकट्या सुनेनं बोलायचं कुठं?

शेवटी सासूबाई, रंगूबाई, उठल्या. त्यांनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, की त्याच्या बरोबरीनं चालल्या नव्हत्या. बाजाराला निघाल्या तरी मामंजी पुढे आणि या मागे, मधून बैलगाडी जाईल एवढं अंतर ठेवून. त्या संध्याकाळी त्यांनी लालासाहेबांच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि मामंजींचा हात धरून सरळ दाराबाहेर पडल्या.

मी घागर घेऊन मागोमाग निघाले. पाण्याचं आपलं निमित्त. चावडीपुढे पुरुषमाणसं बसली होती. त्यांचं बोलणं थांबलं, कुणीतरी हसलं. मामंजी हात सोडवून घ्यायला लागले.

"सोड गं. लोकं बघत्यात."

"बघू द्यात," सासूबाई म्हणाल्या. "हात तुमचा कापतोय का माझा, त्यास्नी काय कळतंय? चला."

दोघं मारुतीच्या देवळापर्यंत गेले आणि परत आले. त्या रात्री मामंजी शांत झोपले. मग ती रोजचीच फेरी झाली. गावानं थोडे दिवस हसून घेतलं, पुढे गावालाच कंटाळा आला. लालासाहेब दुपारी गुपचूप वाटेतले दगड उचलून कडेला टाकायचे. चुकलो म्हणून मात्र शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

उन्हाळ्यातली एक संध्याकाळ मला अजून आठवते. सासूबाई दिवसभर शेंगा फोडून दमल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी दिवा लावला आणि बाजेकडे पाहिलं, तर मामंजींचे पाय अगदी स्वस्थ. टाचसुद्धा हलत नव्हती. आज सुटल्या बाई, असं माझ्या मनात आलं.

मामंजींनी सासूबाईंकडे पाहिलं. मग खाली बघत पुटपुटले, "आज लय वळवळत्यात गं पाय."

सासूबाईंनी त्या स्वस्थ पायांकडे नीट पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर सावरला आणि त्यांच्यापुढे हात केला.

"मग चला की," त्या म्हणाल्या.