एका बॅगेतल्या चौदा काठ्या

पिटनेरीत जोडप्यांच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कुणाकडे पाहुणे म्हणून जाऊ नये. गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत तेव्हा टेबलावर गोल्फच्या काठ्या मांडलेल्या असतात आणि नवरा-बायको समोरासमोर बसून एकमेकांकडे विरुद्ध बाजूच्या वकिलांसारखे बघत असतात. एरवी एका खेळाडूला चौदा काठ्या नेता येतात. या सामन्याला मात्र जोडप्याने मिळून एकच बॅग न्यायची आणि तिच्यात दोघांच्या मिळून चौदाच काठ्या, अशी गावाची रीत आहे. चेंडूही दोघांत एकच. एक फटका त्याने मारायचा, पुढचा तिने. ही रीत ज्याने घातली तो बिनलग्नाचा होता म्हणतात, आणि ते खरंच असावं.

इशबेल गेडिसच्या टेबलावर बारा काठ्यांचा निकाल जेवणाच्या ताटल्या उचलायच्या आधीच लागला होता. उरल्या होत्या दोन जागा आणि उमेदवार होते तीन.

पहिलं तिच्या नवऱ्याचं, वॉटीचं, दोन नंबरचं आयर्न. लोणी लावायच्या सुरीएवढं पातळ तोंड. बरोबर मध्यावर लागलं तर चेंडू वाऱ्याच्या खालून सरळसोट जायचा, बघणाऱ्याने टोपी काढावी असा. जराही इकडेतिकडे लागलं तर कोपरापर्यंत झिणझिण्या. दुसरं पाच नंबरचं वूड. नावाला लाकूड, होतं धातूचंच, गुबगुबीत. ते चेंडू लांब न्यायचं, पण वारा असला की कुठे नेऊन सोडेल याचा नेम नाही. आणि तिसरं इशबेलचं हायब्रिड, दोघांच्या मधलं. आयर्नएवढी दांडी, वूडसारखं फुगीर डोकं. दाट गवतातूनही ते चेंडू मुकाट उचलून द्यायचं आणि ताकद मागायचं नाही.

"हा चमचा," वॉटीने हायब्रिडकडे नुसती हनुवटी केली, "म्हाताऱ्यांना सूप पाजायला बरा."

"सदुसष्ट वर्षांचा आहेस तू."

"म्हणून काय सूप पीत बसू?"

"गेल्या आठवड्यात तुझ्या लोखंडाने मारलेला चेंडू माझ्या पायापाशी येऊन थांबला, वॉटी. आणि मी काही फार लांब उभी नव्हते."

वॉटीचा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला. हिवाळ्यात त्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून हात अर्ध्यावर जाऊन अडायचा. चाळीस वर्षं होड्यांच्या फळ्या ठोकलेला माणूस हा. त्याला आपलं अंग ऐकत नाही ही गोष्ट पचतच नव्हती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुझा चमचा ने, वूडही ने. लोखंड राहू दे घरी. उद्या तुझ्यासाठी खेळतो. मग पुरे झालं गोल्फ."

नळाचा वायसर बदलायचाय असं सांगावं तशा आवाजात तो हे बोलला. लग्न झाल्यापासून इशबेलचं आणि त्याचं जे काही बोलणं झालं होतं ते मैदानावर, संध्याकाळी, दोन फटक्यांच्या मधल्या चालण्यात. मुलाचं दुबईला जाणं, तिच्या आईचं आजारपण, स्वयंपाकघराचा रंग, सगळं तिथेच ठरलं होतं. घरात वॉटी फक्त रेडिओशी बोलायचा, तेही भांडायला. आणि खेळ सोडलेली माणसं तिने पाहिली होती. ती बंदराजवळच्या बाकावर जाऊन बसायची आणि मग दर महिन्याला थोडी थोडी लहान होत जायची. वॉटीला त्या बाकावर बघायची तिची तयारी नव्हती. वाद ती जिंकली होती आणि जिंकून रडवेली झाली होती.

सकाळी बॅग बाहेर काढताना तिला ते आयर्न दिसलं. दाराशी, छत्र्यांच्या डब्यात उभं होतं. शाळेच्या सहलीला न नेलेल्या पोरासारखं. इशबेलने तीस वर्षं शाळेचा मुदपाकखाना सांभाळला होता, असली पोरं तिला ओळखू यायची. तिने ते उचललं आणि बॅगेत घातलं. वूड काढून ठेवू, तिने मनाशी ठरवलं, आपण हायब्रिडवर भागवू. तेवढ्यात बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. नेटा लम्सडेन आली होती, आजच्या सामन्यातल्या विरुद्ध जोडीतली बायको. भोंगा एकदा वाजवून गप्प बसणाऱ्यातली ती नव्हे. इशबेल घाईने बाहेर पडली.

कमी फटक्यांत चेंडू भोकात घालणाऱ्या जोडीला तो होल मिळतो, आणि अठरा होलांत ज्यांचे जास्त त्यांचा सामना. पहिला होल गेडिस जोडीने जिंकला, दुसऱ्यात बरोबरी झाली. तिसऱ्या होलचा पहिला फटका इशबेलचा होता. ती बॅगेपाशी वाकली आणि तिथेच थिजली. लोखंड, वूड आणि हायब्रिड, तिघंही शेजारी शेजारी उभी होती.

तिने मोजलं. मग देवाचं नाव घेऊन परत मोजलं. पंधरा.

वॉटी वाऱ्याकडे बघत होता. नेटाचा नवरा सँडी बुटातली वाळू झटकत होता. पंधरावी काठी गुपचूप झुडपात सरकवायला कितीसा वेळ लागला असता! पण पिटनेरीत माणूस मोटारीचा दंड चुकवील, चर्चमध्ये डुलक्या काढील, गोल्फमध्ये असलं काही करणार नाही. असलं काही असतं हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

"थांबा," इशबेल म्हणाली. "आमच्याकडे पंधरा आहेत."

"अगं, जाऊ दे," सँडी म्हणाला. तो स्वभावाने मऊ. "मी काही पाहिलं नाही."

"मी पाहिलं," नेटा म्हणाली. "दोन होल वजा. एक पुढे होता, आता एक मागे."

"नेटा!"

"काय नेटा? नियम काय मी केलाय?"

वॉटी सावकाश बॅगेपाशी आला. आत बघितलं, मग बायकोकडे.

"कुणी घातलं हे?"

"मी."

"का?"

"छत्र्यांमध्ये एकटं उभं होतं," इशबेल म्हणाली. आणि तिला स्वतःलाच ते इतकं वेडगळ वाटलं की तिचे कान लाल झाले.

वॉटीच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू असावं, हिवाळ्यापासून तिकडे फारसं येणं-जाणं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला.

"एक काठी बाद करायला हवी," नेटाने आठवण करून दिली. "आत्ताच्या आत्ता. उलटी करून बॅगेत ठेवायची आणि शेवटपर्यंत हात लावायचा नाही."

"तू सांग कुठली," इशबेल नवऱ्याला म्हणाली. लोखंड उलटं करेल की माझं हायब्रिड, दोन्हींची तिला सारखीच धास्ती होती. वॉटीने तिन्ही डोक्यांवरून हात फिरवला, बाजारात कलिंगडं बघतात तसा, आणि पाच नंबरचं वूड खेचून, दांडी वर करून बॅगेत उलटं रोवलं.

"आता खेळ," तो म्हणाला. "दोन होल घालवून आणलंयस त्या लोखंडाला. निदान त्याचा उपयोग तरी करू."

उपयोग कसला! पाचव्या होलवर वॉटीने आयर्न घेतलं, खांदा अर्ध्यावर अडला आणि चेंडू काटेरी झुडपांत गेला. तो होल गेला, दोन मागे. नवव्यावर पुन्हा आयर्न, आणि या वेळी वाळूचा खड्डा. इशबेलने कसाबसा तो चेंडू बाहेर काढला म्हणून बरोबरी तरी झाली. वॉटी बोटं झटकत चालत राहिला. इशबेलच्या मनात आलं, आज ते आयर्न उचलून आणलं नसतं तर बरं झालं असतं. घरी सोडलेलं दुखणं मी याच्या हातात आणून दिलं.

तेराव्या होलवर तिचा पहिला फटका दाट गवताच्या कडेला थांबला. पुढचा वॉटीचा. तो बॅगेपाशी उभा राहिला, जरा जास्तच वेळ. इशबेल मुद्दाम समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. माणसाला चमचा उचलायचा असेल तर त्याला कुणी बघू नये.

टक्क असा गोल आवाज आला. ती वळली तेव्हा चेंडू वर होता, छान वर, आणि उतरला तो भोकाभोवतीच्या हिरवळीवर, झेंड्यापासून चार पावलांवर.

"चेंडूच चांगला पडला होता," वॉटी घाईघाईने म्हणाला.

"हो ना," इशबेल म्हणाली.

"कशानेही गेला असता."

"मी काही म्हणाले का?"

"तुझं तोंड म्हणतंय."

तो होल त्यांनी जिंकला. सोळाव्यावर सँडीचा हातभर अंतरावरून भोकात ढकललेला चेंडू चुकला, कारण नेटा त्याच्याकडे बघत होती. सामना बरोबरीत आला, आणि अठराव्या होलवर गेला.

अठरावा गावाकडे येतो. आडवा वारा, डाव्या हाताला जुनी दगडी भिंत, आणि हिरवळीच्या आधी एक खोलगट भाग. लम्सडेन जोडीचा चेंडू दोन फटक्यांत हिरवळीवर पोचला होता. वॉटीचा पहिला फटका भिंतीच्या दिशेने भरकटला होता. चेंडू पडला होता तिथली जमीन लोकांच्या येण्याजाण्याने रस्त्यासारखी टणक झालेली, गवताचं पातं नाही. आता पाळी इशबेलची. तिने सवयीने हायब्रिड ओढलं.

"ठेव ते," वॉटी म्हणाला.

"पुन्हा सुरू नको करूस—"

"अगं, ऐक तर. ते चेंडू उंच उडवतं. आज हा वारा त्याला चर्चच्या छपरावर नेऊन ठेवील." त्याने दोन नंबरचं आयर्न काढलं, आपल्या स्वेटरने त्याचं तोंड पुसलं आणि तिच्यापुढे धरलं. "याने मार."

चाळीस वर्षांत त्या काठीला इशबेलने फक्त पुसण्यापुरता हात लावला होता.

"मला नाही जमायचं. तुझ्याच्यानं होत नाही, माझ्याच्यानं काय होणार?"

"माझ्याच्यानं होत नाही, कारण मी त्याला उडवायला बघतो. याला उडायचंच नाहीये. पळायचंय." तो तिच्याजवळ आला, आवाज खाली आणून बोलू लागला. "जोर नको. उंबऱ्यावरची वाळू झाडतेस ना, तसा फिरव हात. आणि वर बघू नकोस. बघायला मी आहे."

"आणि चुकलं तर?"

"तर मला सोबत मिळेल."

इशबेल उभी राहिली. तिने वर बघितलं नाही. उंबऱ्यावरची वाळू झाडली.

हाताला काही लागल्याचं कळलंसुद्धा नाही. चेंडू गुडघ्याच्या वर उठलाच नाही. वाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही. टणक जमिनीवर दोन उड्या घेतल्या आणि धावत सुटला. खोलगट भागात दिसेनासा झाला.

"ये, ये, ये," वॉटी पुटपुटला. आणि मग चेंडू पलीकडच्या चढावर उगवला तसा तो ओरडलाच, "पळ! पळ, माझ्या राजा, पळ!" बंदरापर्यंत ऐकू गेलं असेल. टोपी हातात, मिशा वाऱ्यावर, खांद्याचं भानही नाही. चेंडू दमत दमत हिरवळीवर चढला आणि झेंड्याच्या अलीकडे बसला.

"हे कुठून शिकलीस गं?" नेटाने विचारलं, आणि तिच्या तोंडून ते कौतुकच होतं.

पुढे काय झालं ते सांगून टाकावं. वॉटीने ढकललेला चेंडू भोकाच्या काठावर येऊन थांबला, आत डोकावला आणि आत गेला नाही. नेटाने मात्र खोलीच्या रुंदीएवढ्या अंतरावरून चेंडू सरळ आत घातला आणि त्या लढतीचा कप लम्सडेनांकडे गेला. सगळ्यांनी हात मिळवले. गरम पॅटिस आणि चहा झाला.

"ते दोन होल कापले गेले नसते तर कप तुमचा होता," सँडी हळहळला.

"हो," वॉटी म्हणाला, आणि दुसरं पॅटिस घेतलं.

घरी जाताना बॅगेची गाडी नेहमीप्रमाणे इशबेल ओढत होती. उजेड अजून भरपूर होता. ती वाट बघत होती. तो आता म्हणेल, झालं, खेळलो तुझ्यासाठी. कोपरा आला.

"तू तोंड जरा उघडं धरलंस," मग तो म्हणाला.

"कुणाचं?"

"लोखंडाचं. थोडं मिटून धरलं असतंस तर अजून दहा हात पळाला असता. उद्या दाखवतो, भिंतीपाशीच. आणि तोपर्यंत तो चमचा माझ्याकडे दे. एकदा लागला म्हणजे आला असं नाही होत. तेराव्यावर नशीब होतं. नीट हाताखाली यायला मला दोन उन्हाळे तरी जातील."

इशबेल थांबली. त्याला आपण काय बोललो हे कळलंही नव्हतं; तो हवेत हात फिरवून, खांदा अडतो तिथपर्यंतच, काहीतरी मापून बघत होता. तिला इतका आनंद झाला की गाडीची मूठ दोन्ही हातांनी धरावी लागली.

"काय झालं? कप गेला म्हणून रडतेस?"

"खूश आहे मी, गाढवा."

"हरून?"

"हरून. आणि दोन नाही पुरायचे तुला. तो खांदा बघता तीन उन्हाळे धर."

वॉटीने खांदा एकदा वर-खाली करून पाहिला.

"बरं," तो म्हणाला. "तीन."