न उघडलेल्या फाइलची निंदा

या, पुढे सरका जरा. मागे दाराशी कशाला बसता, इथे जागा भरपूर आहे. आज गोष्ट सांगते ती राजाराणीची नाही, एका वाक्याची आहे. वाक्य चारच शब्दांचं: "सेटिंगची फाइल खराब आहे." या चार शब्दांनी एका सरळ बाईला खोटारडी ठरवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. देवाने बोलायची शक्ती दिली ती माणसाला. माणूस ती यंत्राला उसनी देतो आणि विसरून जातो. यंत्राला पाप कळत नाही, पुण्य कळत नाही. मग त्याच्या तोंडून निघालेल्या शब्दाला जबाबदार कोण, एवढंच बघायचं आहे. चित्त इकडे असू द्या.

मी ज्या ऑफिसात काम करते तिथे एक प्रोग्राम तयार होतो. संगणक सुरू झाला की बाकीच्या प्रोग्रामना लागणाऱ्या फाइली शोधायच्या, उघडायच्या आणि त्यांच्या हातात द्यायच्या, हे त्याचं काम. घरातल्या थोरल्या सुनेसारखं. सगळ्यांच्या आधी उठायचं, आणि सगळं नीट पार पडलं तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही. त्याचं माहितीपुस्तक मी लिहिते. तो प्रोग्राम पहिल्यापासून ज्यांनी लिहिला त्यांना ऑफिसात सगळे आजोबा म्हणतात. वय पन्नाशीच्या आसपास, नातवंडांचा पत्ता नाही, पण त्या इमारतीतल्या लिफ्टपेक्षा जुने, म्हणून आजोबा.

आमचा हा प्रोग्राम एका गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात चालतो. तिथल्या पंपांवर एक ताई आहेत, अकरा वर्षं त्याच खुर्चीवर. एका सकाळी त्यांनी संगणक सुरू केला, तर पडद्यावर ते चार शब्द आले आणि पंप काही चालू होईनात. ताईंनी माहितीपुस्तक उघडलं. पान बासष्टवर लिहिलं होतं, फाइल खराब असल्यास ती काढून टाकावी व जपून ठेवलेली जुनी प्रत लावावी. त्यांनी तसंच केलं. पंप सुरू झाले. पण जुनी प्रत चार वर्षांपूर्वीची होती, टेकडीवरची नवी टाकी बांधायच्या आधीची. तिला त्या टाकीची खबरच नव्हती. दुपारपर्यंत टाकी रिकामी झाली आणि वरच्या अर्ध्या गावाचे नळ कोरडे पडले. त्यात एक दवाखानाही होता.

दुसऱ्या दिवशी वरून तंत्रज्ञ आले. काढून टाकलेली फाइल संगणक काही दिवस एका कोपऱ्यात ठेवतो, तिथून त्यांनी ती परत काढली, उघडून बघितली, तर धडधाकट! एक अक्षर इकडचं तिकडे नाही. झालं. ताईंना घरी बसवलं आणि चौकशी लागली. आरोप असा, की चांगली फाइल काढली आणि वर यंत्राने खराब म्हटलं असा बहाणा केला. शुक्रवारी निकाल होता. त्याआधी आमच्या ऑफिसला चौकशीवाल्यांचं एक पत्र आलं. प्रश्न एकच होता: फाइल चांगली असताना तुमचा प्रोग्राम ती खराब आहे असं सांगेल का?

पत्र साहेबांकडे गेलं. साहेब माणूस वाईट नाही. टेबलावरचा कागद टेबलावर शिळा होऊ नये, हे त्यांचं व्रत.

"सोपं आहे," ते म्हणाले. "लिहून टाका, चांगल्या फाइलला आमचा प्रोग्राम खराब म्हणत नाही. का म्हणेल? आजोबा, म्हणतो का?"

"म्हणू नये," आजोबा म्हणाले.

"बघा, झालं."

"म्हणू नये, असं म्हणालो मी. म्हणत नाही, असं नाही म्हणालो. मला आजचा दिवस द्या."

"एका वाक्याला एक दिवस?"

"वाक्य माझं आहे का ते बघतो आधी."

त्यांनी पंपघरातून त्या परत मिळालेल्या फाइलची माहिती मागवून घेतली आणि मला शेजारी बसवलं, कारण पान बासष्ट माझं होतं. माहितीत एक गोष्ट लगेच दिसली. प्रत्येक फाइल कुणी वाचायची, कुणी बदलायची, याची परवानगी ठरलेली असते. आदल्या दिवशी एक तंत्रज्ञ येऊन सेटिंगमध्ये थोडा बदल करून गेला होता, आणि जाताना फाइल एकट्याच्या नावावर ठेवून गेला होता. म्हणजे पेटी शाबूत होती, आतला ऐवज शाबूत होता. फक्त कुलूप बदललं होतं, आणि आमच्या प्रोग्रामकडे किल्ली नव्हती.

आजोबांनी तशीच एक फाइल तयार केली, परवानगी काढून घेतली आणि प्रोग्राम चालवला. पडद्यावर आलं, सेटिंगची फाइल खराब आहे. त्यांनी परवानगी परत दिली आणि फाइलचं नाव बदललं, म्हणजे प्रोग्रामला ती सापडूच नये. खराब आहे. मग फाइल होती त्या वेगळ्या डिस्कची केबलच काढून टाकली. फाइल नाही, डिस्क नाही, काहीच नाही. तरी खराब आहे! शेवटी त्यांनी फाइलमध्ये मनाला येईल ती अक्षरं कोंबली.

"सेटिंगची फाइल खराब आहे," मी वाचलं.

"चौथ्यांदा का होईना, खरं बोलला," आजोबा म्हणाले. पण हसले नाहीत.

आमच्याकडे प्रत्येक ओळ कुणी लिहिली आणि कधी, याची नोंद राहते. त्यांनी ती उघडली. एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख, त्यांचं नाव, आणि बाजूला त्यांचीच टीप: सध्या सगळ्यांसाठी हेच वाक्य, नंतर वेगळं करू.

"तेव्हा वाटलं, हे बघणार कोण? फाइल न उघडायला झालंय काय?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "पोट दुखो की पाय मुरगळो, वैद्य आपला सांगतोय, बाई, तुला क्षय झालाय."

"आणि मी पुस्तकात लिहून ठेवलंय, क्षयाच्या माणसाला बाहेर काढा म्हणून," मी म्हणाले.

नवी वाक्यं लिहायला ते तिथेच बसले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या मनासारखी झाली. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "चला, त्या ताईंकडे जाऊ. एकोणीस वर्षं वाक्य कळतंय का हे मी मलाच विचारत आलो, आणि मीच हो म्हणत आलो."

ताईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. नवरा बसवर चालक, तो कामावर गेलेला. दारात सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. आम्ही कोण ते सांगितलं, तर त्यांनी शेंग हातातच धरून आम्हाला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"तुमचंच का ते यंत्र? चांगल्याला वाईट म्हणणारं?"

"अहो आई, आत तर येऊ द्या त्यांना," ताई आतून म्हणाल्या.

"येऊ देत की. बसायला कुठे मनाई आहे? बोलायच्या वेळी तेवढं सांभाळा म्हणावं, घराण्यातच खोड दिसतेय."

"त्याला तसं बोलायला मीच शिकवलं, आजी," आजोबा म्हणाले.

सासूबाईंनी शेंग फोडली. "मग बरं केलंत आलात ते. पोराने उद्योग केले की बापाला शाळेत बोलावतातच."

ताईंनी पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या. आवाज चढला नाही की पडला नाही. "यंत्र म्हणालं खराब, पुस्तक म्हणालं काढा. मी दोघांचं ऐकलं. आता ते म्हणतात, फाइल धडधाकट होती, मग तू काय स्वप्नात वाचलंस? नोकरी गेली तर दुसरी बघेन हो. पण खोटारडी म्हणून जायचं, हे काही गळ्याखाली उतरत नाही."

"तुम्ही वाचलंत ते खरं आहे," आजोबा म्हणाले. "मी काल माझ्या डोळ्यांनी बघितलं. शुक्रवारी तसं सांगेन."

ताईंनी पदराने उगाच टेबल पुसून घेतलं.

मग आजोबांनी लॅपटॉप उघडून नवं वाक्य दाखवलं: परवानगी नाकारली, त्रुटी क्रमांक तेरा.

"कुणी नाकारली?" ताईंनी विचारलं. "कुणाला? माझ्यावर रुसलंय का ते?"

"आणि तेरावा हा, तर बाकीचे बारा कुठे गेले?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

आजोबांनी ती ओळ पुसली आणि लिहिलं, या प्रोग्रामला फाइल वाचायची परवानगी नाही.

"हां, हे कळलं. पण फाइल कुठली? तिथे चाळीस आहेत."

त्यांनी फाइलचं पूर्ण नाव घातलं, ती कुठे आहे ते घातलं, ती कुणाच्या नावावर आहे ते घातलं. ताई मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "आता खाली लिहा, फाइल चांगली आहे."

"ते नाही लिहिता येणार, ताई."

"का? चांगलीच तर होती."

"या वेळी होती. पण उघडलीच नाही तर चांगली की वाईट, मला काय ठाऊक? एकदा न बघता बोललो, तेच निस्तरतोय."

"मग तसंच लिहा ना! बघितलं नाही म्हणून. त्यात लाज कसली?"

श्रोतेहो, मी आयुष्यात पुष्कळ निरूपणं ऐकली. निंदा करू नये हे शंभरदा कानावरून गेलं. पण ज्या घराचं दार उघडलं नाही त्या घरात घाण आहे असं सांगणं म्हणजे निंदा, आणि त्यावर उपाय इतका सोपा, की "मी आत गेलो नाही" एवढं म्हणायचं, हे मला त्या दोन खोल्यांत कळलं. कळवणाऱ्या बाईच्या डोक्यावर तीच निंदा होती. देव कुणाच्या तोंडून बोलेल, सांगता येत नाही.

आजोबांनी लिहिलं, फाइल उघडता आली नाही, त्यामुळे ती खराब आहे की नाही हे तपासलेले नाही. ताईंनी पुन्हा वाचलं. "आता मी काय करायचं? आणि काय करायचं नाही? काढू नका हे कुठेच नाही. घाबरलेला माणूस आधी काहीतरी काढून टाकतो."

मग शेवटी दोन ओळी आल्या: फाइल काढून टाकू नका. जिच्या नावावर आहे त्या व्यक्तीला परवानगी द्यायला सांगा.

निघताना सासूबाईंनी वाटीभर मटार आजोबांच्या हातावर ओतले. "खात खात जा. खोटं बोलायला तोंड मोकळं राहत नाही."

ऑफिसात आल्यावर आजोबांनी पत्राचं उत्तर लिहिलं आणि नोंदीचं ते पान, टिपेसकट, सोबत जोडलं. साहेबांनी वाचलं, परत वाचलं.

"हे पान कशाला? चूक झाली एवढं पुरे आहे. हे दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या हाती लागलं तर ऑफिसची अब्रू जाईल."

"पान नसेल तर म्हणतील, बाईला वाचवायला गोड बोलतायत. पानावर तारीख आहे, साहेब. एकोणीस वर्षांपूर्वी मला ती बाई माहीत नव्हती."

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले. "ऑफिसच्या नावाने मी हे देणार नाही. तुम्ही तुमच्या नावाने द्या. मग पुढच्या आवृत्तीचं प्रमुखपद तुमच्याकडे राहील, याची खात्री मी देत नाही. वर विचारतील मला."

"बरं," आजोबा म्हणाले, आणि पेन त्यांच्याकडूनच मागून घेऊन सही केली.

शुक्रवारी आम्ही दोघं चौकशीला गेलो. लांब टेबल, तीन अधिकारी, भिंतीला लागून ताई. आजोबांनी संगणक मांडला, चांगली फाइल उघडून सगळ्यांना दाखवली, तिची परवानगी काढली आणि प्रोग्राम चालवला. ते चार शब्द पडद्यावर आले.

"पण या बाईंनी स्वतःची अक्कल वापरायला नको होती?" मधले अधिकारी म्हणाले.

"तिथे अक्कल मी वापरायची होती," आजोबा म्हणाले. "त्यांच्याकडे यंत्राचा शब्द होता, आणि यंत्राकडे माझा."

"आणि पुस्तकात काढा म्हणून मीच लिहिलंय," मी उभी राहून सांगितलं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण बसवेना.

अधिकाऱ्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. अर्ध्या तासाने आत बोलावून निकाल वाचला. ताईंनी सांगितलेलं खरं होतं, त्यांचा दोष नाही, सोमवारपासून कामावर. ताईंनी "बरं साहेब" म्हटलं आणि जिना उतरून खाली आल्यावर पायरीवर बसून मोकळं रडून घेतलं. आम्ही रस्त्याकडे बघत उभे राहिलो.

प्रमुखपद दुसऱ्याला गेलं. आजोबांच्या वाट्याला प्रोग्राममधली सगळी सूचनावाक्यं तपासायचं काम आलं, तीनशे चाळीस. मी माहितीपुस्तक घेऊन त्यांच्या शेजारच्या टेबलावर आले. सात महिने लागले. प्रत्येक वाक्याला ते एकच विचारायचे: हे आपण बघितलंय, की अंदाजाने म्हणतोय?

नवी आवृत्ती पंपघरात बसली आणि काही दिवसांनी ताईंचा फोन आला. तंत्रज्ञाने पुन्हा फाइल स्वतःच्या नावावर ठेवली होती. पडद्यावर सूचना आली, ताईंनी नाव वाचून त्यालाच फोन लावला, त्याने बसल्या जागेवरून परवानगी दिली. सहा मिनिटांत पंप सुरू. गावात कुणाला पत्ताही लागला नाही.

"मग फोन कशाला केलात?" आजोबांनी विचारलं.

"तक्रार आहे. काढू नका हे तुम्ही शेवटी लिहिलंय. तिथपर्यंत वाचेस्तोवर माझा हात पुढे गेला होता. ते पहिलं घ्या."

आजोबांनी त्याच दुपारी ते पहिलं घेतलं.

तर मायबापहो, एवढंच सांगायचं होतं. उद्या तुमच्या घरातलं, दुकानातलं एखादं यंत्र अडेल, आणि अडल्यावर उगाच कुणाला वाईट न म्हणता, काय झालं, काय ठाऊक नाही आणि कशाला हात लावू नका, हे सरळ सांगेल. तेव्हा घटकाभर त्या पंपवाल्या ताईंची आठवण काढा.