माझं छप्पर आणि चंद्रभागाबाई

मी डिंडोलीच्या भाऊराव अहिरेंची गाडी बोलतेय. छोटी, पांढरी, पाठीमागे वर उघडणारं दार असलेली. अकरा वर्षांची झाले, पण लिटरमागे वीस किलोमीटर अजून सोडलेले नाहीत. एकदा माझं छप्पर कापायचं ठरलं होतं, तेवढं सांगते.

भाऊरावांची मुलगी चैताली बँकेत आहे. गाडी चालवायला ती माझ्यावरच शिकली. लग्न ठरलं तेव्हा तिने जाहीर केलं, "हॉलवर मी स्वतः गाडी चालवत जाणार. आणि गाडी उघडी पाहिजे!"

भाऊरावांच्या मिलच्या शेठकडे तशी एक लाल गाडी होती. लग्नाच्या सकाळी शेठने ती ड्रायव्हरसकट पाठवली. बटण दाबलं की तिचं छप्पर घडी होऊन मागे जायचं. ते बघायला सगळी सोसायटी खाली उतरली. मीही बघत राहिले. केवढी देखणी, आणि केवढी बुटकी!

चैतालीच्या आईने, चंद्रभागाबाईंनी, आत डोकावून सीटा मोजल्या.

"दोनच? बाकीच्यांनी काय छपरावर बसायचं?" मग वर पाहून म्हणाल्या, "तेही नाही!"

चैताली स्टिअरिंगवर बसली, शेजारी ड्रायव्हर. लाल गाडी डरकाळी फोडत गल्लीच्या तोंडाशी गेली आणि स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसली. पुढची चाकं हवेत, मागचीही हवेत. पांढऱ्या साडीतली नवरी वर झुलतेय. चौदा पाहुण्यांनी गाडी उचलून सोडवली. ड्रायव्हर गाडीच्या पोटावरून हात फिरवत रडला आणि तिला परत घेऊन गेला.

चैतालीचे उखामामा लिंबायतला लोखंडी दरवाजे बनवतात. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "दाजी, हिचंच छप्पर काढू. वीस मिनिटांचं काम."

भाऊरावांनी घड्याळ पाहिलं, लेकीचं तोंड पाहिलं आणि मान हलवली. उखामामांनी माझ्याभोवती खडूने रेघ मारली आणि गॅसकटर पेटवला. टाकीतलं पेट्रोलसुद्धा गार पडलं माझ्या.

तेवढ्यात चंद्रभागाबाई पदर खोचून स्टुलावर चढल्या आणि माझ्या छपरावर मांडी घालून बसल्या.

"उखा, पहिले माले काप."

"ताई, खाली उतर!"

"चैतालीच्या बँकेच्या नऊ परीक्षा झाल्या. भरूच, वडोदरा, अमदावाद. ही आत पेपर लिहायची आणि मी मे महिन्यात बाहेर गाडीत बसायची. हे छप्पर नसतं तर माझा पापड झाला असता."

उखामामांनी कटर विझवला. चैतालीचं काजळ ओघळलं. "आई, चुकलं माझं. चल, उतर."

"नाही. मी उतरले की हा कापेल."

लग्नाची वेळ टळत चालली होती. शेवटी चैतालीने मला पहिल्या गिअरमध्ये घातलं. आत पाच माणसं, वर चंद्रभागाबाई. चालणारी माणसं आमच्या पुढे निघून जात होती.

लिंबायतच्या चौकात पोलिसाने हात केला. "ये क्या है?"

उखामामा खिडकीतून म्हणाले, "रिवाज है साहब. दुल्हन की माँ ऊपर बैठती है."

पोलिसाने वर पाहिलं, हात जोडले आणि रस्ता मोकळा करून दिला.

हॉलच्या दारात नवरदेव प्रज्ञेश उभा होता. तो हसला, पण त्याची आई रुसली. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मीही वर बसून आले असते!"

तेव्हापासून डिंडोलीत हा रिवाजच झालाय. सुषमाताई बसल्या, अनुसयाबाई बसल्या. गेल्या महिन्यात तर शेठ स्वतः हात जोडून आले. मुलीचं लग्न होतं आणि शेठाणी हटून बसल्या होत्या. "हमारी गाडी में ऊपर बैठने को ऊपर ही नहीं है," ते म्हणाले.

चैताली आता सासरी, कडोदऱ्याला असते. संध्याकाळी चंद्रभागाबाई माझ्या छपरावर बसून तिला फोन लावतात. खाली रेंज नाही म्हणतात. खाली रेंज चांगली आहे, मला माहीत आहे. भाऊराव चहाचा कप वर देतात आणि बोलणं संपेपर्यंत बशी धरून उभे राहतात.

तुमच्याकडे लग्न असेल तर मला जरूर बोलवा. फक्त छपराच्या मध्यावर एक खोलगट जागा झाली आहे, तेवढी सोडून बसा. ती चंद्रभागाबाईंची आहे.