पुलाच्या कोपऱ्यावरची पाटी

मी एक जुनी निवडणुकीची पाटी आहे. सध्या चिखलात पालथी पडले आहे, म्हणून तुम्हाला माझी फक्त पाठ दिसते. फुगलेलं प्लायवूड, खिळ्यांची भोकं आणि एक मोडकी बिजागरी. एवढ्यावरून मला हिणवू नका, मित्रांनो. या वाइतोरो शहराच्या महापौरबाईंचा चेहरा मी कितीतरी वर्षं अंगावर वागवला आहे.

मला घडवलं क्लेम ट्रास्कने. खाटकाच्या दुकानापासून चर्चपर्यंत गावातल्या सगळ्या पाट्या त्याच्याच हातच्या. त्याची धाकटी बहीण नोलीन महापौरपदाला उभी राहिली, तेव्हा बाकीच्या उमेदवारांनी आपापले दात दाखवणारे फोटो छापून आणले. क्लेमला ते छापील हसू बघवेना. त्याने शेडमधला प्लायवूडचा एक तुकडा घासला आणि ब्रशने बहिणीचा चेहरा रंगवला.

"एवढं मोठं नाक कुणाचं आहे?" नोलीनने विचारलं.

"आपल्या आईचं. लोकांना ओळखीचं वाटेल."

"आणि खाली काय लिहिणार?"

"ते मी बघतो. तू भाषणं कर."

त्याने लिहिलं, 'आपली नोलीन'. तिला विचारलंसुद्धा नाही. अक्षरांच्या बाबतीत क्लेम कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

मला त्याने आपल्याच कुंपणावर ठोकलं. नदीकाठच्या रस्त्यावरचं त्याचं घर पुलाच्या अगदी कोपऱ्यावर, त्यामुळे गावात येणारी प्रत्येक गाडी माझ्यासमोरून जायची. आमच्याकडे पाटीवरची अक्षरं कुणी फारशी वाचत नाही. पाटी कुणाच्या कुंपणावर आहे, ते मात्र बरोबर बघतात. कुंपण बघितलं की त्या घराचं मत कळतं, आणि मग संध्याकाळी क्लबात बिअर पिताना त्यावर चर्चा झडते. मतपत्रिका टपालाने घरी येते आणि चुंबकाखाली फ्रिजवर लटकत राहते, त्यामुळे चर्चेला वेळही भरपूर मिळतो.

नोलीन निवडून आली. त्या दिवशी क्लेमने मला खाली उतरवून फडक्याने पुसलं आणि शेजारणीला, मेरेआना आँटीला, चहाला बोलावलं. आँटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई जिंकली की नाक जिंकलं?" क्लेम इतका हसला की त्याचा चहा सांडला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

मग मी शेडच्या वाशांवर जाऊन पडले. आमच्या जातीचं असंच असतं. निवडणूक आली की कौतुक, गेली की कोळिष्टकं. दर तीन वर्षांनी क्लेम मला खाली काढायचा आणि चेहऱ्यात नोलीनचं वय भरायचा. डोळ्यांखाली एक रेघ, कानाजवळ थोडा पांढरा रंग.

"सुरकुत्या कशाला रे?" ती कुरकुरायची.

"पगार घेतेस ना गावाचा? मग म्हातारी दिसायला नको?"

ब्रश धुताना क्लेम माझ्याशी बोलत बसायचा, म्हणून मला सगळं ठाऊक आहे. तिने पोहण्याचा तलाव बंद पडू दिला नाही. पिण्याच्या पाण्याचे जुने नळ बदलले. पण महापौर सगळ्या गावाने निवडलेली असली, तरी सभागृहात तिचं मत एकच. बाकीचे नगरसेवक एक झाले की तिने नुसतं बघत बसायचं. क्लेम म्हणायचा, "गळ्यात महापौरपदाची मानाची साखळी घालतात तिच्या, आणि दुसरं टोक स्वतःच्या हातात ठेवतात."

तिसऱ्यांदा ती उभी राहिली, आणि तिथेच सगळं बिनसलं. नदीचा बांध तपासायला शहराबाहेरून माणसं आली होती. ती सांगून गेली की मोठा पूर आला तर बांध टिकणार नाही. नोलीनने हे दडवलं नाही. भर सभेत, लोक चहाबरोबर गोडसर स्कोन खात बसले असताना, तिने सांगितलं की नदीकाठच्या रस्त्यावरची घरं टेकडीवर हलवावी लागतील, आणि त्यासाठी वर जागा मिळवायला ती झगडेल. तिच्याविरुद्ध उभा असलेला ग्रँट पेलहॅम, ट्रॅक्टर विकणारा, लगेच उठला. "बांध उंच करू. कुणी कुठे हलायचं नाही," तो म्हणाला. टाळ्या कुणाला पडल्या ते सांगायला नको.

क्लेम सभेतून तडक घरी आला. मागोमाग नोलीन आली.

"मला आधी घरी येऊन सांगता आलं नाही तुला?" क्लेम म्हणाला. "सगळ्या गावासमोर माझ्या घराला कुलूप लावलंस."

"तुला आधी सांगितलं असतं तर म्हणाले असते, भावाची सोय बघितली."

"मी या घरात जन्मलोय, नोलीन."

"मीसुद्धा इथेच जन्मलेय, क्लेम. म्हणून तर सांगतेय."

तो पक्कड घेऊन आला, मला कुंपणावरून उपटलं आणि तोंड झाडोऱ्याकडे करून उभं केलं. बहिणीच्या देखत. ती गाडीत बसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गावाने रिकामं कुंपण पाहिलं. सख्ख्या भावालाही ती नको, एवढं लोकांना पुरलं. नोलीन पडली, आणि सपाटून पडली. मित्रांनो, तिला ग्रँट पेलहॅमने पाडलं असं लोक म्हणतात. मी कुंपणापाशीच होते. तिला त्या रिकाम्या जागेने पाडलं.

त्यानंतर भाऊबहिणीचं बोलणं बंद झालं. क्लेमने माझ्या पाठीला बिजागऱ्या ठोकल्या आणि मला कोंबड्यांच्या खुराड्याचं दार केलं, चेहरा आतल्या बाजूला. सगळा हिवाळा मी कोंबड्यांकडे बघत काढला. त्या बापड्या मात्र आपल्या परीने मला रंगवत राहिल्या.

एक दिवस मेरेआना आँटी निरोप घ्यायला आल्या. नोलीनचं बोलणं त्यांनी मनावर घेतलं होतं, आणि त्या टेकडीवर लेकीकडे राहायला चालल्या होत्या. अंडी घ्यायला त्यांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि हातातली टोपली खाली ठेवली.

"बहिणीचं तोंड कोंबड्यांना दाखवतोस, क्लेम?"

"दार हवं होतं."

"दार हवं होतं म्हणे. आई असती तर याच फळीने बडवलं असतं तुला."

आँटी गेल्या. क्लेमने पक्कड आणली. मग त्याने मला काढलं. एक बिजागरी निघाली, दुसरी गंजून बसली होती, ती तशीच राहिली. शेडमध्ये नेऊन त्याने कोमट पाण्याने माझा चेहरा धुतला आणि रंगाचे डबे उघडले. आईचं नाक त्याला अचूक साधलं. केस त्याने या वेळी सगळे पांढरे केले. डोळे रंगवताना तो मध्येच थांबायचा आणि बाहीने स्वतःचे डोळे पुसायचा. खालची जागा त्याने कोरी ठेवली.

"अक्षरं नंतर," तो मला म्हणाला. "या खेपेला ती सांगेल ते लिहायचं."

पण फोन काही त्याच्याकडून होईना. उद्या करतो, परवा करतो, असं चाललं होतं. अभिमान नडला त्याला, दुसरं काय.

मग उन्हाळ्यात डोंगरात पाऊस सुरू झाला आणि थांबेचना. फोन शेवटी नोलीनने केला. क्लेम तेव्हा शेडमध्येच होता, म्हणून इतक्या महिन्यांनी मीही तिचा आवाज ऐकला, तो त्या फोनवर.

"क्लेम, वर निघून ये. आत्ता."

"निघतोच," क्लेम म्हणाला. वाद नाही, टोमणा नाही. तो खरंच निघाला. कोंबड्या त्याने आधीच मोकळ्या सोडल्या होत्या. गाडी सुरू झालेली मी ऐकली. मग ती बंद झाली आणि तो धावत शेडमध्ये आला. माझ्यासाठी आला होता. मी भिजू नये म्हणून त्याने कपाटातून चादर ओढून काढली आणि मला गुंडाळायला घेतलं. तेवढ्यात बांध फुटला.

पाणी उतरल्यावर तो शेडच्या दारात सापडला. मी वाहत जाऊन अंगणात पडले होते, पालथी. चादर कुठे गेली कोण जाणे. नवे महापौर पेलहॅमसाहेब गमबूट घालून फोटोपुरते येऊन गेले. नंतर नोलीन आली. मदतीला आलेल्यांना ती एकच गोष्ट विचारत होती, "निघतो म्हणाला होता. मग शेडमध्ये काय करत होता?"

"कोंबड्यांसाठी थांबला असेल," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांना ते पटलं.

ती चालत माझ्यापाशी आली. माझ्या पाठीवरची बिजागरी तिने पाहिली, आणि बिजागरीत अडकलेली कोंबडीची पिसंसुद्धा. तिने मला ओळखलं. भावाच्या हातचं काम ती ओळखणार नाही, असं कसं होईल? मी जिवाच्या आकांताने वाट पाहत होते. नुसता बुटाचा चवडा कडेखाली घातला असता तरी पुरलं असतं.

"कोंबड्यांना दिलंस मला," ती हळूच म्हणाली. "आणि कोंबड्यांपायीच गेलास."

मग ती वळली आणि गेली. पुन्हा निवडणुकीला उभी राहणार का, असं कुणीतरी तिला फाटकापाशी विचारलं. ती नाही म्हणाली.

उद्या कचऱ्याची गाडी या रस्त्यावर येणार आहे. मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही, माझे दिवस भरले आहेत. मागणं एवढंच आहे. तुमच्यापैकी कुणी उद्याच्या आत पुलाच्या कोपऱ्यावरून गेलं, तर चिखलात हात घाला आणि मला एकदा सुलटी करा. आणि नोलीनला बोलावून आणा.