उलटवलेली पाटी

टँकरचालकाने बोगद्याच्या अलीकडे नेहमीप्रमाणे डावीकडचा घाटरस्ता धरला, तेव्हा पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली.

"ओ, तिकडे कुठे? रिकामी गाडी घाटात कशाला दमवताय? सरळ बोगद्यातून काढा."

"रिकामी? काठोकाठ ॲसिड आहे पोटात."

"मग पाटी कोरी कशी?"

चालक खाली उतरला. पुढची नारिंगी पाटी उलटवलेली होती. मागचीही. टाकी रिकामी करून धुतल्यावरच कोरी बाजू बाहेर करतात; ॲसिडने भरलेल्या टँकरला बोगदा बंद असतो. सुलट पाटीवरचे आकडे अग्निशामकांना सांगतात की या मालावर पाणी मारू नका, उसळेल.

यार्डात चाकं आणि झडपा चालक बघतो, पाट्या माल भरणारा. निघताना चालक ओरडतो, "पाट्या?" मागून उत्तर येतं, "ओके!" आज ते उत्तर भाऊजींनी, त्याच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने दिलं होतं. गाडीवरचं काम त्याला त्यांनीच शिकवलेलं. भाऊजी ओके म्हणाले की तो मागे जाऊन बघत नसे.

त्याने फोन लावला.

"भाऊजी, पाट्या उलट्या आहेत."

"झालं तुझं सुरू, तपासनीस! घाटाने तुला नेहमी उशीर होतो आणि साहेब माझ्या डोक्यावर बसतात. आज वेळेत पोचलास तर माझी बढती पक्की."

"बोगद्यात गळती झाली असती तर? बंबवाल्यांनी पाणी मारलं असतं. मी आत असतो, भाऊजी."

"काही होत नाही रे. कोरी पाटी बघून पहारेकरीच तुला बोगद्यातून धाडेल, असं वाटलं. आधी सांगितलं असतं तर गेला असतास?"

"नाही."

"मग!"

फोन ठेवतो तोच ताईचा आला.

"अरे, ह्यांच्यावर चिडू नकोस. एकदाचाच तर प्रश्न होता."

"तुला माहीत होतं?"

"काल बोलले होते."

"आणि सकाळी तू मला डबा भरून दिलास."

त्याने फोन बंद केला. दोन्ही पाट्या सुलट करून खटके लावले, ओढून पाहिले. पहारेकरी वही घेऊन आला.

"वर कळवावं लागेल. पाट्या कोणाच्या जबाबदारीवर होत्या?"

चालकाने भाऊजींचं नाव सांगितलं, आडनावासकट.

"ओळखीचे आहेत?"

"घरचेच."

पहारेकऱ्याने मान वर केली आणि नाव वहीत उतरवलं. चालकाने शेजारच्या सीटवरचा डबा पायाशी सरकवला आणि गाडी घाटाला लावली.