कोचला बाकावर बसवलं

कांचन देशकर फुटबॉल मॅनेजर झाली ती क्रिकेटमुळे.

अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या ज्या पार्कात तिचा नवरा नंदू दर शनिवारी क्रिकेट खेळायचा, त्याच मैदानावर सकाळी हेरॉन्स नावाचा क्लब ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचा. हा फुटबॉल म्हणजे सॉकर नव्हे आणि अमेरिकन फुटबॉलही नव्हे. बॉल लांबट, मैदान क्रिकेटसारखं लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून बॉल लाथेनं मारला की सहा पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला की एक. क्रिकेटवाले म्हणायचे, दहा वाजता मैदान आमचं. हेरॉन्स काही हलायचे नाहीत. पॅड बांधून लोक कडेला ताटकळत उभे राहायचे. एका शनिवारी प्रकरण इतकं तापलं की नंदू एकही ओव्हर न टाकता घरी आला.

"ऑस्ट्रेलियातून इथे येऊन आपल्याला क्रिकेट खेळू देत नाहीत," तो म्हणाला. "हद्द झाली यार."

कांचन गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत होती. कुठला ट्रक कधी कुठल्या दाराला लागणार, हे ठरवण्यात तिची नागपूर सोडल्यापासूनची सगळी वर्षं गेली होती. पुढच्या शनिवारी ती स्वतः पार्कात गेली, दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांना एका पिकनिक टेबलावर समोरासमोर बसवलं आणि त्यांचे चहा-कॉफीचे कप रिकामे व्हायच्या आत अख्ख्या सीझनच्या वेळा लावून दिल्या. कुणीच खूश नव्हतं, पण कुणाला हरकतही घेता येईना.

हेरॉन्सचा कोच होता ग्लेन. मेलबर्नजवळच्या कुठल्याशा गावचा, पन्नाशीकडे झुकलेला, गाड्यांच्या डिझाइनच्या कामासाठी मिशिगनला आलेला आणि इथेच राहिलेला. कोच असून तो स्वतः खेळायचाही. त्यानं टेबल आवरणाऱ्या कांचनला विचारलं, "तू आमची फुटबॉल मॅनेजर होशील का?"

"मला तुमचा खेळ कळत नाही."

"खेळ कोच बघतो. बाकीचं सगळं मॅनेजर बघतो. मैदान, अंपायर, जर्सी, कोण येणार, कोण लंगडतोय, कोणाला कोण आणणार. आमच्याकडे हे कोणीच बघत नाही, म्हणून आमचे हे हाल."

कांचननं हो म्हटलं आणि तिला पहिलं काम मिळालं ते कॅनडा गीझचं. त्या मोठ्या पाणबदकांनी मैदानभर घाण करून ठेवलेली असायची आणि मॅचच्या आधी ती साफ करावी लागायची. तिनं आल्या आल्या नियम केला की गेल्या मॅचला जो उशिरा आला, तो झाडू मारणार. दोन आठवड्यांत सगळे वेळेवर यायला लागले आणि झाडू तिच्याच हातात राहिला. मग तिनं उन्हाळ्यात पाण्याच्या नारिंगी कूलरमधून कैरीचं पन्हं आणायला सुरुवात केली. पोरं त्याला 'मॅनेजर ज्यूस' म्हणायची आणि मॅच संपल्यावर घरी न्यायला बाटल्या आणायची.

दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये आसपासच्या राज्यांची स्पर्धा पहिल्यांदाच नोव्हायला भरली. क्लबात तेव्हा दोन मराठी पोरं होती, दोघंही इथेच जन्मलेली. कॅप्टन देव, बॅटऱ्यांवर काम करणारा इंजिनियर. आणि नेत्रा, फिजिकल थेरपिस्ट, जी सुट्टीच्या दिवशी फुकट येऊन सगळ्यांचे गुडघे-खांदे बांधून द्यायची. दोघंही कांचनला मावशी म्हणायची आणि बाकी सगळं इंग्लिश मिसळून बोलायची.

सकाळी हेरॉन्सनी शिकागोच्या टीमला हरवलं. दुपारच्या आत इंडियानाच्या टीमशी सेमीफायनल झाली. ती संपत आली असताना ग्लेन एका उंच बॉलसाठी उडाला. मागून उडालेल्या माणसाचा गुडघा त्याच्या डोक्याला लागला आणि तो पाठीवर पडला. जमीन उन्हानं कडक झाली होती. तो क्षणभर तसाच पडून राहिला, मग उठला, हसला आणि चुकीच्या दिशेला धावायला लागला. देवनं त्याला दंडाला धरून वळवलं. नेत्रा हात वर करत मैदानात पळत गेली आणि त्याला बाहेर घेऊन आली.

मॅच हेरॉन्सनी जिंकली. क्लबच्या आयुष्यातली पहिली फायनल. पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, आणि झाडाखाली नेत्रा ग्लेनसमोर गुडघ्यांवर बसून त्याला प्रश्न विचारत होती. कांचन पन्ह्याचा ग्लास घेऊन तिथे गेली.

"आत्ता आपण कोणाशी खेळलो?"

"शिकागो."

"आपला शेवटचा गोल कोणी मारला?"

"देवनं."

तो गोल ग्लेननं स्वतः मारला होता, पडायच्या थोडाच वेळ आधी. नेत्रानं मान वर करून कांचनकडे पाहिलं. "मावशी, ही इज आउट. आज खेळायचं नाही. ही नीड्स टु सी अ डॉक्टर."

"मी ठीक आहे," ग्लेन म्हणाला. "गंमत करत होतो." तो उठून उभा राहिला आणि त्यानं झाडाला हात टेकला. "तुझ्या जन्माआधीपासून खेळतोय मी, नेत्रा. असले टोले पन्नास खाल्लेत."

देव तोवर येऊन पोहोचला होता. "मावशी, धिस इज द फायनल," तो हळू आवाजात म्हणाला. "या स्पर्धेत बारा जण लागतात आणि आपल्याकडे बाराच आहेत, ग्लेनला धरून. तो नसला तर अकरा. आणि तो म्हणतोय ना की बरा आहे."

 नेत्रा क्लबात सगळ्यात नवी होती. समोर कोच होता, कॅप्टन होता, मागे आनंदानं ओरडणारी टीम होती. तिनं तिच्या बॅगेची चेन उगाचच लावली आणि उघडली. कांचनला ते दिसलं. आता इथे आपण बोललो नाही तर ही पोरगी पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही, हे तिला कळलं.

"ग्लेन, तू बसणार आहेस," ती म्हणाली.

"कोच मी आहे."

"हो. म्हणूनच तुला सांगतेय. दुसऱ्या कोणाला असं झालं असतं तर तूच त्याला बसवलं असतंस."

ग्लेनचा चेहरा लाल झाला. कांचननं त्याला इतक्या दिवसांत कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "तुला या खेळातलं काय कळतं? बॉल कुठल्या आकाराचा असतो तेही तुला ठाऊक नव्हतं. तू ज्यूस वाट, पक्ष्यांची घाण काढ. टीम मी ठरवीन."

आजूबाजूच्या सगळ्यांना ते ऐकू गेलं.  त्यातलं एकेक वाक्य खरं होतं, म्हणून ते कांचनला जास्त लागलं. तिला वाटलं, कूलर उचलावा आणि घरी जावं, जेवण करून पंख्याखाली झोपावं. पण ग्लेनचा हात अजून झाडावरून हललेला नव्हता.

"घाण मी काढतेच," ती म्हणाली. "आणि फायनलची नावंही अंपायरला मीच देते. त्यात तुझं नाव नसेल. नाव नसलेल्या माणसाला अंपायर आत घेत नाही, हे तूच मला शिकवलंस."

 ग्लेन खाली बसला आणि म्हणाला, "आत्ता आपण कोणाशी खेळलो?"

देवनं त्याच्याकडे पाहिलं. पुढे कोणी वाद घातला नाही.

नंदू तेव्हा आपल्या क्रिकेटच्या मित्रांबरोबर बाउंड्रीपाशी भुईमुगाच्या शेंगा खात बसला होता. कांचननं त्याला हाक मारली आणि ग्लेनला हॉस्पिटलला घेऊन जायला सांगितलं. नंदूनं एकही प्रश्न न विचारता गाडी गवतापर्यंत आणली. नेत्रानं आत वाकून ग्लेनचा पट्टा लावला. "मला स्कोअर कळवत राहा," ग्लेन म्हणाला. गाडी वळेपर्यंत त्यानं ते आणखी दोनदा सांगितलं.

आता टीममध्ये अकरा जण उरले. फायनल ओहायोच्या टीमशी होती, आणि त्यांच्याकडे बदली खेळाडूंची फौज होती. कांचन थेट त्यांच्या तंबूत गेली. त्यांची मॅनेजर डोना ही सत्तरीची बाई होती, पांढऱ्या केसांची, उन्हानं भाजलेली. खुर्चीत बसून ती पोरांसाठी संत्री कापत होती. कांचननं तिला झालेलं सगळं सांगितलं.

"तू तुझ्या कोचला बसवलंस?" डोनानं सुरी खाली ठेवली. "फायनलला?"

"हो."

"तो काय म्हणाला?"

"ते सांगण्यासारखं नाही."

डोना खूप वेळ हसली. "मी पण एकदा बसवला होता. त्यानंतर तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही. आणि आम्ही एका घरात राहत होतो." तिनं मागे वळून हाक मारली, "रस, इकडे ये."

रस हा नळदुरुस्ती करणारा, दारातून वाकून यावं लागेल असा उंच माणूस होता. डोनानं त्याला सांगितलं की आज तू यांच्याकडून खेळायचं. रसनं खांदे उडवले, आपली जर्सी काढली आणि हेरॉन्सची घातली. ती त्याला बेंबीपर्यंतच येत होती.

"हा चांगला खेळतो का?" कांचननं हळूच विचारलं.

"मनानं चांगला आहे," डोना म्हणाली. "बॉल मात्र हातात राहत नाही."

फायनलला कोचच नसल्यामुळे देवनं मैदानातून ओरडायचं आणि कांचननं कडेला उभं राहून माणसं बदलायची वेळ सांभाळायची, असं ठरलं होतं. पण बदलायला माणूसच नव्हता. मग कांचननं निदान एवढं केलं की जो धापा टाकतोय त्याला गोलपाशी पाठवायचं आणि जो तिथे ताजातवाना झालाय त्याला मधे आणायचं. ती हातवारे करून सांगायची. पोरांनी पहिल्यांदा देवकडे पाहिलं. देवनं मान हलवली. त्यानंतर ते सरळ तिच्याकडेच बघायला लागले.

पहिल्या अर्ध्यात ओहायो पुढे होतं. मध्यंतरात सगळे गवतावर आडवे झाले. रस दोन्ही टीमची संत्री खाऊन आला. नेत्रानं एकाच्या घोट्याला टेप गुंडाळत विचारलं, "मावशी, मी बरोबर सांगितलं ना? ग्लेनचं?"

"बरोबर सांगितलंस. पुढच्या वेळी जरा मोठ्यानं सांग."

दुसऱ्या अर्ध्यात ऊन कललं आणि ओहायोवाले थोडे सैलावले. देवनं एक गोल मारला, मग दुसरा. नंदूचे क्रिकेटवाले मित्र, ज्यांना या खेळाचा अजूनही राग होता, ते उभे राहून शिट्ट्या मारायला लागले. मॅच संपायला आली तेव्हा हेरॉन्स चार पॉइंटांनी पुढे होते, आणि नेमका तेव्हा ओहायोच्या एकानं हेरॉन्सच्या गोलसमोर उंच बॉल मारला. खाली ओहायोचा सगळ्यात चांगला गडी उभा होता, आणि त्याच्या शेजारी रस. दोघं एकाच गल्लीत राहायचे, एकाच गाडीनं आले होते. दोघंही उडाले. रसनं दोन्ही हात पसरले, डोळे मिटले, आणि बॉल त्याच्या छातीशी येऊन अडकला.

तो खाली उतरला तेव्हा त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. त्यानं बॉल होता नव्हता तेवढ्या जोरानं लांब मारला. भोंगा वाजला.

हेरॉन्स जिंकले. ते रसकडे धावले, पण त्याआधी ओहायोवाल्यांनीच त्याला उचललं, आपल्या तंबूकडे नेलं आणि बर्फाच्या पाण्यानं भरलेल्या कूलरमध्ये बसवलं. डोना कांचनपाशी आली. "सहा वर्षं खेळतोय माझ्याकडे," ती म्हणाली. "एक बॉल धरला नाही कधी." आणि तिनं पन्ह्याचा एक ग्लास मागून घेतला.

कांचननं नंदूला फोन लावला. डॉक्टरांनी ग्लेनला तपासलं होतं. डोक्याला मार बसला आहे, स्कॅन ठीक आहे, पण काही आठवडे खेळ, धावपळ, स्क्रीन सगळं बंद. "मी त्याला स्कोअर सांगितला," नंदू म्हणाला. "तो रडला. मग विचारलं, स्कोअर काय झाला. मी परत सांगितला. परत रडला. मला वाटतं, यापुढे सांगूच नये."

पुढच्या रविवारी ग्लेन कांचनच्या घरी आला. काळा चष्मा घातलेला, हातात बेकरीचा खोका. नंदूनं त्याला जेवायला बसवलं. ग्लेननं निमूटपणे दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली, थोडा घाम पुसला, आणि मग म्हणाला, "देवनं मला सांगितलं की मी तुला काहीतरी वाईट बोललो. पण काय बोललो ते सांगत नाही. मला काही आठवत नाही, कांचन. सेमीफायनल आठवत नाही. तुझ्या नवऱ्याची गाडी आठवते फक्त. शेंगांची टरफलं होती सीटवर."

नंदूनं खाली बघून ताटातला भात कालवला.

"मी काय म्हणालो?" ग्लेननं विचारलं.

कांचननं त्याला आणखी भाजी वाढली. गेला आठवडाभर ती वाक्यं तिच्या डोक्यात फिरत होती, गाडी चालवताना, मीटिंगमध्ये, भांडी लावताना. आता तो समोर बसला होता, चष्म्याची एक काच वाफेनं धुरकटलेली, आणि तिला ती वाक्यं मोठ्यानं म्हणून बघितली तर कशी वाटतील याचंच हसू यायला लागलं.

"तू म्हणालास, मी फार चांगली मॅनेजर आहे," ती म्हणाली. "आणि यापुढे पक्ष्यांची घाण तू स्वतः काढणार आहेस."

ग्लेननं तिच्याकडे पाहिलं, मग नंदूकडे. नंदूनं गंभीरपणे मान डोलावली.

"असं म्हणालो?"

"सगळ्यांसमोर."

"मग काढावी लागेल," ग्लेन म्हणाला आणि त्यानं खोका उघडला.